दसरा-दिवाळीच्या हवेत डेनिम जॅकेट घ्यावं की खणाचं?

माझ्या मामेबहिणीनं मागच्या आठवड्यात दोन फोटो पाठवले, एक डेनिम जॅकेटचा, एक खणाच्या जॅकेटचा, आणि खाली फक्त एवढंच, "अक्का, कुठलं घेऊ सांग की". ती खानापूरहून रोज बेळगावला कामाला येते, सकाळी सातची बस धरते, पगार अजून नवा आहे त्यामुळे दोन्ही घेणं जमणार नाही. तिच्याशी फोनवर तासभर बोलले, मग वाटलं लिहूनच ठेवूया, कारण नवरात्र आलं की हा प्रश्न दरवर्षी कोण ना कोण विचारतंच.

आधी हवेचं बघूया. बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर, पश्चिमेला घाट अगदी जवळ, त्यामुळे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत एकाच दिवसात तीन ऋतू भेटतात. नवरात्रात रोज पहाटे शहरातून धावत निघते त्या दुर्गामाता दौडीला बाहेर पडलं की पांढऱ्या कुर्त्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतंय, दौड संपेपर्यंत घाम आलेला असतो, अकराला ऊन चटके द्यायला लागतं, आणि चारच्या सुमाराला काळं भरून आलं की धो धो कोसळून मोकळं होतं. दुसरी अशी हवा फेब्रुवारी-मार्चला, सकाळी १६-१७ डिग्री आणि दुपारी ३२-३३, पण तेव्हा पाऊस नसतो म्हणून ती सोपी. अवघड म्हणजे ही ऑक्टोबरची.

म्हणून मी कुठलंही जॅकेट दुकानातल्या आरशात घालून बघते आणि मग लगेच काढून हातात धरून बघते. खरं सांगू, दिवसातले दोन-तीन तास ते अंगात असणार, बाकी सगळा वेळ ते कुठेतरी ठेवायचं असतं. कुठे ठेवणार, ठेवल्यावर त्याचं काय होणार आणि ते काढल्यावर आतला कुर्ता नीट दिसतोय का, यावर सगळं ठरतं.

डेनिम मला मनापासून आवडतं. गाडीवरून जाताना छातीवर जो गार वारा लागतो तो डेनिमसारखा दुसरं काही अडवत नाही, विणच घट्ट असते. साधा टी-शर्ट, कॉटनची कुर्ती, अगदी इरकल साडीवरसुद्धा कमरेपर्यंतचं आखूड डेनिम जॅकेट इतकं छान दिसतं की लोक थांबून विचारतात. फक्त लांबी कमरेच्या खाली गेली की लांब कुर्तीवर ते पोत्यासारखं दिसतं, हे लक्षात ठेवा. आणि एक, नव्या गडद निळ्या डेनिमचा रंग कॉलरला घासून फिकट कुर्तीवर उतरतो, नीळ धाग्याच्या आतपर्यंत शिरत नाही, वरवरच बसते म्हणून. दोन-तीनदा उलटं करून थंड पाण्यात वेगळं धुतलं की बरंच कमी होतं. खरा त्रास पावसाचा. जाड सुती कापड, भिजलं की दुप्पट जड होतं आणि आपल्याकडच्या कुंद हवेत दोन दिवस वाळत नाही, वास येतो तो वेगळाच.

आता खण. हे कापड मुळात गुळेदगुड्डचं, बागलकोट जिल्ह्यातलं, म्हणजे आपल्याला काही लांब नाही. आपल्या आज्या-मावश्यांच्या चोळ्या याच्याच, ओटीतला खणही हाच. पन्हा लहान असतो त्यामुळे जॅकेट शिवायला तुकडे जोडावे लागतात, चांगला शिंपी काठ बरोबर पुढच्या उघड्या बाजूवर आणि बाहीच्या टोकाला आणतो, तिथंच सगळी शोभा आहे. साधा पांढरा किंवा काळा कुर्ता, वर हिरवं-लाल खणाचं बिनबाहीचं जॅकेट, एवढं केलं की वेगळा दागिना लागत नाही. ऑफिसातही चालतं, संध्याकाळी कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जायचं असेल तरी घरी येऊन कपडे बदलायला लागत नाहीत. काढलं की घडी करून पर्समध्ये बसतं, वजन जवळजवळ नाहीच.

पण पावसात हे कापड दगा देतं, आणि ते मी स्वतः भोगलंय. तीन वर्षांपूर्वी नवरात्रातच तिसऱ्या रेल्वे गेटजवळ पावसात अडकले, गाडी बाजूला लावून आडोशाला जाईपर्यंत पूर्ण भिजले, घरी येऊन बघते तर लाल खणाचा रंग क्रीम कुर्त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत उतरलेला, कुर्ता गेलाच. वर आतलं अस्तर शिंप्यानं न धुता लावलेलं, ते पहिल्या धुण्यात आटलं आणि जॅकेटचा खालचा काठ आत वळून बसला. म्हणून सांगते, कापड शिवायला द्यायच्या आधी पाण्यात भिजवा, ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, रंग लागत असेल तर तो खण जॅकेटला घेऊच नका, चोळीलाच ठेवा. अस्तर सुती आणि आधी धुतलेलं.

आणि बाजारात खण म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं पॉलिस्टर असतं. खडेबाजारात फिरताना दिसायला सगळं सारखंच, शहापूरच्या खडेबाजारातही तेच, पण दुपारी अंगात घातलं की कळतं, घाम आतच राहतो. दुकानदाराला विचारून कडेचा एक धागा घ्या आणि घरी जाळून बघा, राख झाली तर सूत किंवा रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टरचा खण घ्यायचा असेल तर डेनिमच घ्या, मी स्पष्ट सांगते.

स्वेटर, कार्डिगनबद्दल फार बोलत नाही. थंडीत तिबेटी लोकांच्या दुकानांत मिळतात ती चांगली असतात, पण बहुतेक ॲक्रिलिकची, ती डिसेंबर-जानेवारीची वस्तू, ऑक्टोबरात दहा वाजताच नकोशी होते. अथणी, रायबागकडच्या मुलींना तर माझं म्हणणं जॅकेटच घेऊ नका, तिकडे पाऊस कमी आणि गारवा तासाभराचा, एक चांगली इरकली ओढणी किंवा सुती स्टोल सकाळी खांद्यावरून घट्ट घ्या, दुपारी तीच डोक्यावर उन्हाला, झालं. मुलांचंही तसंच, टी-शर्टवर उघडा जाड खादीचा शर्ट, बाह्या दुमडून, याच्याइतकं रुबाबदार काही नाही.

मग डेनिम की खण? माझं गणित डिकीवर आहे. तुम्ही गाडीवरून जात असाल तर डेनिम घ्या. वाऱ्याला तेच पाहिजे, दुपारी ते डिकीत कोंबलं तरी त्याचं काही बिघडत नाही, डाग पडला तरी दिसत नाही, आणि पाऊस आला तर वर घालायला रेनकोट त्याच डिकीत असतोच. खणाचं जॅकेट डिकीत ठेवलं तर चुरगळतं आणि तेलाचा डाग पडला की संपलं. बसनं जाणारीला डिकी नाही, तिला ते जड डेनिम दुपारभर हातावर घेऊन फिरायला लागतं, संध्याकाळच्या गर्दीत उभ्यानं येताना तर नकोच होतं. तिच्याकडे छत्री असते, खिडकीची काच लावता येते, ऑफिसात पंख्याखाली बसायचं असतं. तिला खण.

बहिणीला हेच सांगितलं. ती म्हणाली, पण डेनिम जास्त वर्षं टिकेल ना. टिकेल, नक्की टिकेल, पण टिकायला ते अंगात घातलं तर पाहिजे, माझ्या ओळखीतल्या दोघी बसवाल्यांची डेनिम जॅकेटं कपाटात नवीच आहेत. खण जपून वापरला, घरी हातानं धुतला, सावलीत वाळवला तर चार-पाच वर्षं आरामात जातो, माझं दुसरं जॅकेट चौथ्या वर्षात आहे आणि काठ अजून तसाच्या तसा.

तिनं गडद हिरवा निवडलाय, लाल काठाचा, शनिवारी कापड भिजवून ठेवणार. शिंप्याला सांगायला मी तिला तीन गोष्टी लिहून दिल्यात. पुढून बटण नको, एकच नाडी, म्हणजे चालत्या बसमध्येही पटकन काढता येतं. बाहीचा घेर जरा सैल, आत पूर्ण बाहीचा कुर्ता मावेल असा. आणि आतून डाव्या बाजूला एक छोटा खिसा, कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेत तिकिटाला पैसे लागत नसले तरी कंडक्टरला ओळखपत्र दाखवायला लागतंय, आणि सकाळी सातच्या गर्दीत पर्स उघडायला हात मोकळा नसतो.