पाचशेच्या स्टॅम्पवरची ‘फुल अँड फायनल’ तडजोड: पाचपैकी एक तारा

राजापूर-लांज्याकडच्या चिरेखाणीत कटिंग मशीनवर बोट गेलं की मुकादम गड्याला घेऊन नोटरीच्या टेबलाशी येतो. तासाभरात कागद तयार: ‘इतके रुपये मिळाले, पुढे कोणताही दावा करणार नाही.’ सेवा झटपट आहे, तेवढ्यासाठीच हा एक तारा.

कागदाचा पाया कच्चा आहे. 21 नोव्हेंबर 2025पूर्वीच्या अपघातांना लागू असलेल्या 1923च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कायद्याने मिळणारा हक्क सोडणारा करार तेवढ्यापुरता रद्दच. एकरकमी तडजोड करायचीच तर कलम 28 खाली नुकसानभरपाई आयुक्तांकडे तिची नोंदणी लागते. आयुक्त आधी दोन्ही पक्षांना नोटीस काढतात. रक्कम अपुरी वाटली, दबाव वा फसवणूक दिसली, तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंद केलीच नाही तर कलम 29 खाली मालक पूर्ण भरपाईला बांधील राहतो, आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त वजावट त्याला मिळत नाही. म्हणजे हा कागद मालकालाही महागात पडतो, हे मुकादमांना कोण सांगणार!

आता हिशेब. वय 40, महिन्याचा पगार 18,000. पण धरायचे 15,000च, कारण 2020पासून कमाल मर्यादा तेवढीच. त्याचे 60 टक्के 9,000. कायद्यात वयानुसार गुणक ठरलेला आहे, चाळिशीचा 184.17. गुणाकार 16,57,530, ही पूर्ण कायमच्या अपंगत्वाची भरपाई. अंगठा पूर्ण गेला तर अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या दुखापतींच्या यादीत, त्याचे 30 टक्के, म्हणजे 4,97,259 रुपये. टेबलावरचा आकडा याच्याशी ताडून बघा. दवाखान्याचं बिल यातून कापतात, ते चूक. उपचाराचा खर्च वेगळा द्यायचा असतो.

पाठीचा मणका, खांदा अशा अनुसूचीत नसलेल्या दुखापतीत खरी गफलत होते. तिथे मोजायची ती कमाईची क्षमता किती गेली ती, नुसतं शारीरिक अपंगत्व नव्हे. सिव्हिलच्या दाखल्यावर 20 टक्के असले तरी चिरे उचलणाऱ्याचं नुकसान त्याहून जास्त असू शकतं. दाखल्यात कामाचं स्वरूप डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुखापत स्थिरावण्याआधी एकरकमी तडजोड नोंदवू नका. नोंदणी झाल्यावर त्याच दुखापतीसाठी पुन्हा मागायला जाणं फार अवघड. अर्धमासिक भरपाई (तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मिळणारी) सुरू असेल तर मात्र प्रकृती बिघडल्याचा दाखला देऊन कलम 6 खाली फेरविचार मागता येतो.

मृत्यू झाला असेल तर भरपाई वारसांच्या हातात देऊन भागत नाही, ती आयुक्तांकडेच जमा करायची.

अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर हा रस्ताच बंद, भरपाई त्या महामंडळाकडून घ्यायची. 21 नोव्हेंबर 2025पासूनच्या अपघातांना सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे; अर्जात तिचीच कलमं टाका.