मागच्या वर्षीचा आठवडा कुठला धरायचा? तारीख, वार, आठवडा-क्रमांक की सण

कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, म्हणजे गुजरीतल्या, एका सराफाचा साप्ताहिक अहवाल मी करतो. त्यात यंदाच्या विक्रीसमोर गेल्या वर्षीची विक्री ठेवायची असते. २०२५ च्या मे महिन्यात मालकांचा सकाळीच फोन आला. "काय ओ, तुमचा कागद म्हणतोय धंदा पार बसला. मला तर तसं काय दिसंना!" कागदावरचे आकडे खरेच होते. फक्त २०२४ ला अक्षय्य तृतीया १० मेला होती आणि २०२५ ला ती ३० एप्रिललाच होऊन गेली होती. मी १० मेसमोर १० मे ठेवून मोकळा झालो होतो.

तारखेला तारीख लावणं सगळ्यात सोपं. जीएसटी, बँक, भाडं, पगार हे सगळं तारखेनंच चालतं, तिथं दुसरं काही शोधू नका. विक्रीला मात्र ही पद्धत लंगडी पडते. दर वर्षी वार एकाने सरकतो, मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोनाने. लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारावर ज्याचा गल्ला भरतो, त्याचा यंदाचा रविवार गेल्या वर्षीच्या शनिवारसमोर उभा राहतो. महिन्याची बेरीज केली तरी सुटका नाही: ऑगस्ट २०२४ मध्ये चार रविवार होते, ऑगस्ट २०२५ मध्ये पाच. एवढ्यावरच काहीजण "वाढ झाली" म्हणून पेढे वाटतात.

त्यावर उतारा म्हणजे ३६४ दिवस मागे जायचं. बावन्न साते तीनशे चौसष्ट, म्हणून सोमवारसमोर सोमवारच येतो. एक्सेलमध्ये तारखेतून ३६४ वजा केले की झालं. किराणा, कापड, हॉटेल, बेकरी यांच्या रोजच्या धंद्याला माझं मत यालाच. पण हे एका वर्षापुरतं बरं. २०२५ वरून २०१९ ला जायला सहा वेळा ३६४ वजा केलेत तर आठ दिवसांची चूक पडते. (तसंही २०१९ पाया म्हणून धरू नका. त्या ऑगस्टमध्ये शहरात पुराचं पाणी होतं, दुकानं कुठली उघडायला!)

आता आठवडा-क्रमांक. आंतरराष्ट्रीय आयएसओ पद्धतीत आठवडा सोमवार ते रविवार, आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो आठवडा पहिला. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत युरोपातलं गिऱ्हाईक असेल तर "वीक ४३ ला माल पाहिजे" ही भाषा कानावर येतेच. तिथं मुकाट्याने आयएसओ घ्या. दुकानदाराला त्याची गरज कमी, आणि खड्डे जास्त.

पहिला खड्डा एक्सेलचा. त्यातलं साधं वीकनम (WEEKNUM) सूत्र १ जानेवारीलाच पहिला आठवडा सुरू करतं आणि रविवारी पान उलटतं. त्यामुळे २०२२ चा पहिला आठवडा म्हणजे एकटा शनिवार, आणि २०२३ चा पूर्ण सात दिवसांचा. या दोघांची तुलना करून कुणी वाढ काढली तर ती काय असेल ते सांगायला नको. त्याऐवजी आयएसओवीकनम (ISOWEEKNUM) वापरा.

दुसऱ्या खड्ड्यात मी स्वतः पडलोय. ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ हे दिवस आयएसओच्या हिशोबाने २०२५ च्या पहिल्या आठवड्यात येतात. मी आठवडा आयएसओचा घेतला, पण वर्ष तारखेतलं. ते दोन दिवस जाऊन बसले २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, आणि तो आठवडा नऊ दिवसांचा झाला! त्या आठवड्याच्या गुरुवारचं जे वर्ष असेल तेच आठवड्याचं वर्ष धरायचं, म्हणजे हा घोळ होत नाही.

राहिला सण. कोल्हापुरात दुकान असेल तर खरी मेख इथं आहे. २०२४ ची दिवाळी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत २८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर अशी नेमकी ४४ व्या आठवड्यात बसली. २०२५ ला धनत्रयोदशी शनिवारी, १८ ऑक्टोबरला, म्हणजे ४२ व्या आठवड्यात. लक्ष्मीपूजन मंगळवारी, ४३ व्यात. सराफाचा मोठा दिवस एका आठवड्यात, बाकीची दिवाळी दुसऱ्यात. २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. इथं ३६४ काय आणि आयएसओ काय, दोन्ही तोंडावर आपटतात.

आर्थिक वर्षातही तेच. २०२२-२३ मध्ये गुढीपाडवा दोनदा आला: २ एप्रिल आणि २२ मार्च. २०२३-२४ मध्ये एकदाही नाही. मग २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन, ९ एप्रिल आणि ३० मार्च. पाडव्याला गाडी किंवा सोनं विकणाऱ्याने ही तीन वर्षं शेजारी ठेवली तर मधलं वर्ष बुडाल्यासारखंच दिसणार.

म्हणून सणाच्या काळात मी आठवडा सोडून देतो. लक्ष्मीपूजन म्हणजे शून्य, त्याआधीचे दिवस उणे, नंतरचे अधिक. यंदाच्या उणे तीनसमोर गेल्या वर्षीचा उणे तीन. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांनाही तसंच. वार जुळत नाही, पण नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस महाद्वार रोडवर वार बघून थोडीच खरेदी करतो?

हे सगळं दर सोमवारी नव्याने करत बसू नका. तारखांचा एकच तक्ता बनवा: दर दिवसाला एक ओळ, त्यात वार, आयएसओ वर्ष आणि आठवडा, ३६४ दिवसांमागचा जोडीदार, आणि सणापासूनचं अंतर. पंचांग समोर ठेवून सणाचा रकाना वर्षातून एकदा हाताने भरायचा. बाकीचं सूत्रं करतात.

२०२६ साठी एक खूण आत्ताच करून ठेवा. आयएसओच्या हिशोबाने त्या वर्षाला ५३ आठवडे आहेत, शेवटचा २८ डिसेंबर ते ३ जानेवारी. २०२५ मध्ये ५३ वा आठवडाच नाही, त्यामुळे क्रमांकाने शोधलात तर समोर रिकामी चौकट येईल. ३६४ मागे गेलात तर २९ डिसेंबर २०२५ चा आठवडा मिळतो, तोच धरा. आणि २०२७ च्या पहिल्या आठवड्यासमोर २०२६ चा दुसरा.