मेंटल हेल्थच्या ग्रुप अ‍ॅक्टिव्हिटीचं किट: केस कार्डांसाठी घ्या, बाकीचं निवडून वापरा

पाचपैकी साडेतीन स्टार, आणि त्यातले जवळजवळ सगळे दोनच अ‍ॅक्टिव्हिटीजचे आहेत. बाकी काही ठीकठाक, काही चक्क बॉक्समधून काढून ठेवावं असं.

आधी हे कोणासाठी ते सांगते. साधारण १८ ते २५ वयाच्या मुलामुलींबरोबर मेंटल हेल्थवर सेशन घ्यायचं असेल, म्हणजे कॉलेजचा ग्रुप, हॉस्टेल, नवीन जॉबला लागलेली बॅच, व्हॉलंटियर्स वगैरे, तर त्यांच्यासाठी हा बॉक्स आहे. आत नऊ अ‍ॅक्टिव्हिटीज, कार्डांचे गठ्ठे, पोस्टर्स, ऑडिओसाठी क्यूआर कोड आणि एक फॅसिलिटेटर गाईड. मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्टही नाही, असे गट घेणारी बाई आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच नजरेतून वाचा.

आणि मी कशावरून मार्क देतेय तेही सांगते, नाहीतर पुढचं बोलणं उगाच तिरकस वाटेल. २००५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्व्हेचे आकडे आले होते, त्यात ज्यांना आयुष्यात कधीतरी मानसिक आजार झाला त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना तो १४ व्या वर्षापर्यंत आणि चारातल्या तिघांना २४ पर्यंत सुरू झालेला होता. म्हणजे या वयाच्या गटासमोर उभं राहिलं की हा विषय त्यांच्यासाठी ‘पुढेमागे कामाला येईल’ टाईपचा नसतो, समोर बसलेल्यांपैकी कोणाचं तरी ते आत्ता चालू असतं आणि त्याने कोणाला सांगितलेलं नसतं. त्यामुळे माझा प्रश्न प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीला एकच, की त्या गप्प बसलेल्या पोराला किंवा पोरीला स्वतःबद्दल एक अक्षर न बोलता यातून काही मिळतं का. मिळत असेल तर चांगली. त्यालाच सगळ्यांसमोर उघडं पाडत असेल तर कितीही ‘पॉवरफुल’ असू दे, नको.

या कसोटीवर केस कार्ड्स एक नंबर आहेत. कार्ड मधोमध दुमडलेलं असतं, वरच्या भागात परिस्थिती, आत पुढची माहिती. उदाहरण म्हणून एक कार्ड सांगते: मुलगा २० वर्षांचा, तीन आठवडे झाले लेक्चरला नाही, रूमचा लाईट दुपारपर्यंत बंद, फोन उचलत नाही पण मेसेज केला की ‘बिझी आहे रे’ एवढं उत्तर येतं. गटाने आधी फक्त जे दिसतंय ते बोलायचं, मग काय वाटतंय ते, मग आपण त्याला नेमकं काय म्हणू ते वाक्य लिहून काढायचं. आता ‘दिसतंय’ आणि ‘वाटतंय’ यातच पहिली दहा मिनिटं जातात, कारण कोणीतरी ‘आळशी आहे’ म्हणतं, दुसरा म्हणतो ब्रेकअप झाला असणार, तिसरी म्हणते अरे पण कार्डावर यातलं काहीच लिहिलेलं नाहीये! मग कार्ड उघडायचं. आत लिहिलंय की तो रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागा असतो, जेवण निम्म्यावर आलंय आणि परवा त्याने स्वतःचं आवडतं गिटार मित्राला देऊन टाकलं, ‘तुलाच ठेव’ म्हणून. इथे गट शांत होतो. ज्यांना कळतं त्यांना लगेच कळतं, ज्यांना कळत नाही त्यांना शेजारचा सांगतो की आवडीच्या वस्तू अशा वाटून टाकणं ही धोक्याची खूण असू शकते, आणि हे मी सांगण्यापेक्षा त्यांच्यातल्याच कोणीतरी सांगितलेलं दहापट जास्त पोचतं. दोन आठवडे किंवा जास्त असं चाललं तर मूड खराब म्हणून सोडून द्यायचं नाही, हा मुद्दाही त्याच कार्डावरून निघतो, वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही.

यातली खरी गंमत अशी की सगळे कार्डावरच्या मुलाबद्दल बोलत असतात. ज्याला स्वतःबद्दल बोलायचंय तो त्या मुलाच्या आडून बोलतो, ज्याला नाही बोलायचं तो नाही बोलत, आणि कोण कुठल्या कारणाने बोलतंय हे कोणालाच कळत नाही. उत्तम डिझाईन.

दुसरी भारी अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे तिघांचा रोल प्ले. एक सांगणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक, आणि निरीक्षकाच्या हातात एक छोटा कागद ज्यावर त्याने फक्त रेघा मारायच्या, ऐकणाऱ्याने किती वेळा सल्ला दिला, किती वेळा स्वतःचीच गोष्ट सुरू केली, किती वेळा नुसतं ऐकून पुढचा प्रश्न विचारला. वेळ दोन मिनिटं. पहिल्या राऊंडला सल्ल्याच्या रकान्यात रेघांची नुसती रांग लागते, ‘अरे व्यायाम कर’, ‘फोन बाजूला ठेव’, ‘माझंही असंच झालं होतं ना’, आणि तो कागद बघून सगळे हसतात, मला काही बोलायची गरजच पडत नाही. दुसऱ्या राऊंडला फरक दिसतो.

तिसरा राऊंड मात्र कठीण आहे आणि बरेच फॅसिलिटेटर तो गाळतात हे मला माहितीये. त्यात ऐकणाऱ्याने पूर्ण वाक्य तोंडाने म्हणायचं असतं, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?’ आडून नाही, ‘तसलं काही नाही ना तुझ्या डोक्यात’ असं तर अजिबात नाही, कारण त्या प्रश्नाला समोरचा नाहीच म्हणणार. पहिल्यांदा म्हणताना लोक हसतात, अडखळतात, एकमेकांकडे बघतात. होऊ दे. विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती सगळ्यांनाच असते, पण आतापर्यंतच्या अभ्यासांत विचारल्यामुळे धोका वाढलेला दिसलेला नाही, बऱ्याच वेळा समोरच्याला हलकंच वाटतं. ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेल्या मेंटल हेल्थ फर्स्ट एड कोर्समध्येही थेट विचारायलाच शिकवतात. आणि रोल प्लेच्या बाजूने एक तगडा पुरावा आहे जो या किटच्या लोकांनी गाईडमध्ये का छापला नाही देव जाणे: २०१५ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या १० देशांचा अभ्यास आला होता, १६८ शाळा, ११ हजारांवर मुलं, वय साधारण १५. त्यातल्या एका गटाला रोल प्ले, पुस्तिका, पोस्टर्स आणि चर्चा असा चार आठवड्यांत मिळून पाच तासांचा प्रोग्राम दिला, आणि वर्षभराने त्या गटात आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याच्या आसपास होते. आपला गट वयाने मोठा आहे हे धरूनसुद्धा, मुलांनी स्वतः करून बघण्यात काहीतरी दम आहे एवढं नक्की.

स्ट्रेस बकेट चांगली आहे पण किटमधली कागदाची बादली पुचाट आहे, खरी बादली घ्या. कल्पना जुनीच, ब्रॅबन आणि टर्किंग्टन या दोन तज्ज्ञांनी २००२ मध्ये मांडलेली: वरून ताण पडत राहतो, प्रत्येकाची बादली लहानमोठी असते, खाली नळ असतो तो म्हणजे झोप, बोलणं, खेळणं, मदत घेणं. आमच्याकडे एकाने नळावर ‘रात्रभर रील्स’ लिहिलं, तर मागून एक मुलगी म्हणाली हा नळ नाहीये, हा पाईप आहे, तेच पाणी फिरून परत वर येतंय. यापेक्षा चांगलं मला समजावता आलं नसतं. बादली लहान असणं म्हणजे माणूस कमजोर नाही, हे मात्र फॅसिलिटेटरने आवर्जून बोलायला पाहिजे, कार्डावर ते नाहीये.

फीलिंग्जचं चक्र ठीक. ‘टेन्शन’ आणि ‘बोअर’ या दोन शब्दांवर सगळं भागवणाऱ्यांना लाज, राग, एकटेपणा, धास्ती असं वेगवेगळं करून बघता येतं, वॉर्मअपला दहा मिनिटं बास. खरं-खोटं क्विझ पण त्यातलंच, सगळ्यांना बरोबर उत्तरं माहीत असतात आणि वागणं तसंच राहतं, त्यामुळे वेळ कमी असला तर पहिल्यांदा हेच उडवा.

आता काढून ठेवायच्या गोष्टी.

एक म्हणजे लाईनवाला खेळ. सगळे एका रेषेत उभे, फॅसिलिटेटर वाक्य वाचणार, ‘मला गेल्या वर्षात पॅनिक अटॅक आलाय’, ‘मी गोळ्या घेतल्या आहेत’, आणि लागू असेल त्याने पुढे यायचं. गाईडमध्ये लिहिलंय की यातून ‘आपण एकटे नाही’ ही भावना येते. येतही असेल, चौघं पुढे आले तर. एकटीच पुढे आली तर? आमच्या गटात एकजण पाऊल टाकून पुढे आली, आजूबाजूला बघितलं, कोणीच नाही, आणि नंतरचा सगळा वेळ ती हातातल्या पेनचं टोपण काढत-घालत बसली. मी खेळ तिथेच थांबवला. जे पुढे आले नाहीत ते खोटं बोलले असं समजायचं का, हाही प्रश्न उरतोच. उद्या हेच लोक एकमेकांना कँटीनमध्ये भेटणार आहेत, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं दिसत नाही. हेच चिठ्ठ्यांवर करता येतं: प्रत्येकाने नाव न घालता होय-नाही लिहायचं, चिठ्ठ्या मिसळायच्या, फक्त आकडा फळ्यावर. तोच फायदा, कोणी उघडं पडत नाही.

दुसरं हेडफोनवाली अ‍ॅक्टिव्हिटी. कानात कुजबुजणारे आवाज लावायचे आणि तेव्हा साधा फॉर्म भरायचा, म्हणजे म्हणे स्किझोफ्रेनिया काय असतो ते कळतं. मुलांना ही सगळ्यात ‘भारी’ वाटते यात शंका नाही. पण अशा सिम्युलेशनवरच्या अभ्यासांत एक विचित्र गोष्ट दिसलीये, सहानुभूती वाढते आणि त्याच वेळी अशा माणसापासून लांब राहावं असंही जास्त वाटायला लागतं. साहजिक आहे हो, दहा मिनिटं फक्त भीती दाखवली, तो माणूस उपचार घेऊन नोकरी करतो, घर चालवतो, मित्रांबरोबर हसतो हे काहीच दाखवलं नाही. आणि गटात एखाद्याला खरंच आवाज ऐकू येत असतील तर त्याच्यासाठी हे काय असेल विचार करा.

तिसरी आणि मला सगळ्यात खटकलेली, पीएचक्यू-९ चा कागद, म्हणजे डिप्रेशनची लक्षणं तपासायची प्रश्नावली. प्रश्नावली चांगली आहे, जगभर वापरतात, नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण जास्तीत जास्त २७, सगळं गेल्या दोन आठवड्यांबद्दल. पण यांनी ती ग्रुपमध्ये भरून, स्कोअर काढून, फॅसिलिटेटरकडे जमा करायला सांगितलीये. नववा प्रश्न मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटण्याबद्दल आहे! समजा कोणी तिथे ३ लिहिलं आणि तो कागद माझ्या बॅगेत गेला, मी रात्री घरी जाऊन बघितला, मग? ज्याच्याकडे त्याच दिवशी बघायला प्रशिक्षित माणूस नाही त्याने हे कागद गोळा करूच नयेत. वर सांगितलेल्या युरोपच्या अभ्यासात प्रश्नावली भरून घेऊन पुढे पाठवायची पद्धत पण एका गटात होती, तिचा तसा फायदा दिसला नव्हता.

माइंडफुलनेसचा, म्हणजे श्वासावर आणि आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवायच्या सरावाचा ऑडिओ शेवटी आहे, आवाज छान, पण ‘डोळे मिटा’ची सक्ती नको, काहींना डोळे मिटल्यावर जास्त अस्वस्थ होतं, पर्याय ठेवा. आणि बॉक्सवर ‘सिद्ध झालेलं तंत्र’ असं ठोकून दिलंय ते जरा जपून घ्या. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत ८ हजारांवर मुलांबरोबर मोठा प्रयोग झाला, २०२२ मध्ये निकाल आले, सगळ्या वर्गाला सरसकट माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या तासांपेक्षा काही जास्त फायदा झाला नाही. ती मुलं ११ ते १४ ची होती हे खरं, पण म्हणून आपल्यासाठी सिद्ध झालं असं होत नाही ना.

गाईड दिसायला देखणं, कामाला अर्धवट. ‘इथलं बोलणं इथेच राहील’ असा नियम सुरुवातीला वाचायला दिलाय, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला बाहेर सांगावं लागेल हे वाक्य कुठेच नाही, ते तुम्ही पहिल्याच मिनिटाला तुमच्या तोंडाने जोडा, नंतर जोडलं तर तो विश्वासघात वाटतो. कोणी मध्येच उठून बाहेर गेलं तर कोण मागे जाणार, तेही नाही. मी दारापाशी एक दुसरा माणूस ठेवते ज्याचं काम फक्त तेवढंच. मदत कुठे मिळेल या पानावर मोठी रिकामी चौकट आहे, ‘स्थानिक नंबर लिहा’. ठीक आहे, किट सगळीकडे जातं तर नंबर छापता येणार नाहीत, पण सेशनच्या आधी त्यावर स्वतः फोन लावून बघा, कोणी उचलतं का, किती वाजेपर्यंत, हे गाईडने सांगायला हवं होतं.

आणखी एक उणीव म्हणजे आजारातून गेलेल्या माणसाला भेटवणं यात कुठेच नाही. मोठ्यांमध्ये कलंक कमी करायला नुसत्या माहितीपेक्षा अशी प्रत्यक्ष भेट जास्त उपयोगी पडते, व्हिडिओपेक्षाही समोरासमोर, हे २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात आलंय. मजेशीर म्हणजे किशोरवयीन मुलांत उलटं दिसलं होतं, तिथे माहिती वरचढ. आपली १८-२५ वाली मंडळी मधेच कुठेतरी, म्हणून मी दोन्ही करते.

बॉक्सवर ‘३० जण, ४५ मिनिटं’ लिहिलंय ते विसरा. बारा-पंधरा जण आणि दीड तास, त्यात एक केस कार्ड, रोल प्लेचे तीन राऊंड आणि शेवटी दहा मिनिटं नुसतं हलकंफुलकं काहीतरी, म्हणजे लोक जड डोक्याने घरी जाणार नाहीत. जास्त माणसं असतील तर दोन बॅच करा. कार्डांचा कागद पातळ आहे, दुमडून दुमडून घडीवर फाटतात, आल्या आल्या मागून चिकटपट्टी लावून घ्या. केस कार्ड्स वेगळी विकत नाहीत, मी विचारून बघितलं. तेवढीच विकली असती तर पाच स्टार दिले असते.