पणजीत दोमिएचं अस्सल प्रिंट मिळालं! जुन्या प्रिंटांच्या दुकानाचा रिव्ह्यू

फोंतेन्यासच्या गल्लीत जुनी प्रिंटं, नकाशे विकणारं आणि फ्रेम करून देणारं छोटं दुकान आहे, व्यंगचित्रांची आवड असेल तर जाच. मी घेतलं ओनोरे दोमिए या फ्रेंच व्यंगचित्रकाराचं १८५३ चं लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून छापलेलं चित्र, आत्मे बोलावून टेबल फिरवणाऱ्या मंडळींवरचं. त्या साली पॅरिसमध्ये या प्रकाराचं जाम वेड होतं, अमेरिकेत १८४८ मध्ये फॉक्स बहिणींनी आत्म्यांच्या टकटकीचा दावा केला तिथून ही लाट आली आणि चांगली शिकलेली, खाऊनपिऊन सुखी माणसं टेबलावर बोटं पसरून ते फिरायची वाट बघत बसू लागली. आपल्याकडे प्लँचेटची वाटी ज्यांनी बघितलीय त्यांना जास्त सांगायला नकोच. माझ्या प्रिंटात भूत कुठेच नाहीये, आहेत ते फक्त चेहरे, आणि काय चेहरे काढलेत! त्याच वर्षी लंडनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने प्रयोग करून दाखवलं की टेबल लोकांचे हातच ढकलतात, त्यांच्या नकळत. हे वाचून चित्र परत बघा, त्या बोटांकडे बघतच राहाल.

दुकानाचे मालक अस्सल आणि कॉपी यातला फरक नीट समजावतात, मला हे फार आवडलं. ही चित्रं ‘ल शारिवारी’ या पॅरिसच्या पेपरात छापून यायची, म्हणून कागद उजेडात धरला की मागचा मजकूर दिसतो. मागे कोरा असलेला, जाड कागदावरचा ठसा दुर्मिळ आणि बराच महाग. भिंगाने बघितलं तर दगडावर घासलेल्या तेलकट खडूचे ओबडधोबड कण दिसतात, आजच्या छपाईत मात्र ठिपके रांगेत असतात. स्वस्तातल्या कॉपीही आहेत, पण त्यावर कॉपी असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

तक्रार एकच, फ्रेमच्या मागे साधा हार्डबोर्ड लावतात. गोव्याच्या पावसात तो ओल धरतो, मग बुरशी आणि कसर, कागदाची वाट लागते. ॲसिड-फ्री बोर्ड आधीच मागून घ्या, पैसे जास्त पडले तरी चालतील, आणि काच कागदाला टेकणार नाही असा माउंट करायला सांगा. एवढं जुनं चित्र हातात आलंय तर नीट जपा ना! मी बोर्ड बदलून घेतला, काम एकदम सुबक करून दिलं. चवथीच्या तोंडावर मात्र जाऊ नका, देवांच्या फोटोंच्या फ्रेमची गर्दी असते आणि तुमचं काम मागे पडतं.