बोलिव्हारचे सैन्य की ग्रीसचा लढा: स्वयंसेवक सैनिकापुढील दोन वाटा

१८१५ मध्ये नेपोलियनविरुद्धची युद्धे संपल्यावर बेकार झालेल्या युरोपीय सैनिकांपुढे परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढण्याच्या दोन वाटा काही वर्षांच्या अंतराने खुल्या झाल्या. १८१७ पासून लंडनमध्ये, दक्षिण अमेरिकेत स्पेनच्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सिमोन बोलिव्हारच्या सैन्यासाठी जी भरती झाली, ती पगाराच्या आणि बढतीच्या आश्वासनांवर; १८२१ नंतर फ्रान्समधील मार्सेय बंदरातून, ऑटोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या ग्रीसला निघालेल्यांना मात्र प्राचीन ग्रीसविषयीच्या भक्तीनेच अधिक ओढले होते.

दक्षिण अमेरिकेत पगार क्वचितच हाती पडे आणि ओरिनोको नदीच्या खोऱ्यात तापाने अनेक जण दगावले; तरीही तिथला सैनिक एका सेनापतीच्या हुकमतीखाली होता. १८१९ च्या पावसाळ्यात पूर आलेली मैदाने तुडवत, पिस्बाच्या गोठवणाऱ्या पठारावरून अँडीज ओलांडून हे लोक आजच्या कोलंबियातील बोयाकाच्या विजयी लढाईपर्यंत पोहोचले, आणि १८२१ मध्ये व्हेनेझुएलातील काराबोबोच्या विजयी लढाईत त्यांच्या तुकडीने मोठी हानी सोसूनही आपली जागा सोडली नाही.

ग्रीसमध्ये असा एकछत्री अंमल नव्हता. स्थानिक योद्धे खडकांच्या आडोशाने लढत, तर परदेशी स्वयंसेवक कवायती रांगांवर विसंबून उघड्यावर उभे राहत. जुलै १८२२ मध्ये पेटा येथे त्यांची तुकडी जवळजवळ नष्ट झाली. मिसोलोंघीत १८२४ मध्ये इंग्रज कवी बायरनचा बळी घेतला तोही तापानेच.

म्हणूनच कष्ट दोन्हीकडे भयंकर असले, तरी सैनिक म्हणून आपल्या बलिदानाचा उपयोग झालेला पाहण्याची संधी बोलिव्हारकडे अधिक होती, असे मला ठामपणे वाटते.