प्रोटॉन पॅक आणि जळगावची फोम शीट: कुठे चालते, कुठे दगा देते

सनबोर्ड म्हणा, फोम शीट म्हणा, की पाट्या बनवणारे ज्याला नुसतं 'पाच एमएम' म्हणतात ते पांढरं पीव्हीसीचं शीट म्हणा. जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव अशा चार गावांतल्या हौशी मंडळींना मिळून 'घोस्टबस्टर्स' (1984) या सिनेमातला प्रोटॉन पॅक, म्हणजे भुतं पकडणाऱ्यांच्या पाठीवरचं यंत्र, बांधायचा असेल, तर या मालावर किती भरवसा ठेवावा, एवढ्यापुरतं हे परीक्षण. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेल्या दीड गुणांपैकी एक उन्हानं खाल्ला आणि अर्धा दुकानदारांनी.

मूळ पॅकचं कवच फायबरग्लासचं, त्यामागे ॲल्युमिनियमचा पत्रा (याला सगळे मदरबोर्डच म्हणतात), आणि हे सगळं अमेरिकन सैन्याच्या ॲलिस बॅगेच्या फ्रेमवर कसलेलं. ते इतकं जड व्हायचं की धावपळीच्या दृश्यांसाठी हलके नग वेगळे बनवले होते. फायबरग्लास आपल्याकडेही होतं, पण त्याला साचा लागतो, रेझिन लागतं आणि सगळ्यांनी एकाच शेडमध्ये जमावं लागतं. चार गावांतल्या, नोकरीधंद्याच्या माणसांना ते जमत नाही. फोम शीटचा खरा फायदा इथे आहे: कॉम्प्युटरवरच्या नकाशाच्या एका फाइलवरून एका जागी कापा, तुकडे सपाट गठ्ठ्यात पाठवा, कोणीही कुठेही जोडा. जळगावात हा माल मिळवायला धडपड करावी लागत नाही. पाइप, चटई, शीट असं पीव्हीसीचं सगळंच इथे बनतं. जैन इरिगेशन फोम शीटही बनवते. इथे कुठल्या एका ब्रँडला गुण दिलेले नाहीत, मालाच्या जातीला दिलेत.

आणि जाती दोन आहेत. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: "भाऊ, फोम म्हणजे फोम, त्यात काय प्रकार?" प्रकार असतो. एक फ्री फोम: पृष्ठभाग मॅट, आतबाहेर सारखाच भुसभुशीत, गरम करून छान वाकतो. दुसरा सेलुका: वर चकचकीत कडक साल, आत जाड पेशी. ओळखायचं कसं? आधी शीटच्या सपाट बाजूवर अंगठ्याचं नख दाबा, मग कापलेल्या कडेवर. दोन्हीकडे सारखंच रुतलं तर फ्री फोम. वर नुसता ओरखडा उठला आणि कडेत नख खोल गेलं तर सेलुका. सरळ भिंती, खोके, तळपट्ट्या यांना सेलुका घ्या. गोलाई आणि तासकाम असेल तिथे फ्री फोम. सेलुकाची साल घासून काढली की खालून खडबडीत जाळी उघडी पडते आणि मग लांबी (पुट्टी) भरता भरता रविवार संपतो.

घनता बिलावर लिहून येत नाही, म्हणून वजन करा. 8×4 फुटांची 5 मिमी शीट 0.5 घनतेची (ग्रॅम प्रति घन सेंमी) असेल तर साधारण 7.4 किलो भरते, 0.6 ची असेल तर 8.9 किलो. सात किलोच्या खाली आली तर पाटीला ठीक, पॅकला नको. कोपरे बोटानं दबतात. जाडीही व्हर्निअरनं मोजा. 'पाच एमएम' म्हणून दिलेली शीट 4.6 किंवा 4.7 निघणं रोजचं आहे. फाइलमध्ये खाच 5.0 ची काढली असेल तर जोड लटपटतो. त्यामुळे आधी शीट खरेदी, मग चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजणी, मग नकाशात खाचेची रुंदी मोजलेल्या जाडीपेक्षा 0.1 ते 0.2 मिमी जास्त. हा क्रम उलटा केला की काम चुकलंच समजा. एका पॅकचं कवच 5 मिमीची अर्धी शीट आणि 3 मिमीची पाव शीट यांत निघतं, पण सगळ्यांचा माल एकाच वेळी, एकाच लॉटमधला घ्या.

कापायला लेझर अजिबात नाही. ट्रॉफी आणि लग्नपत्रिका कापणारा एखादा लेझरवाला "करून देतो" म्हणेल, कारण त्याला हे ॲक्रिलिकसारखंच वाटतं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो फुप्फुसाला वाईट, आणि मशीनचे रेल व आरसे गंजवतो ते वेगळंच. हे काम सीएनसी राउटरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं फिरत्या पात्यानं (बिटानं) कोरणाऱ्या मशीनचं. देवघराच्या जाळ्या आणि एमडीएफ कोरणारे राउटरवाले खानदेशात तालुक्याच्या गावीही सापडतात. त्यांना सांगायचं: 3.175 मिमीचं सिंगल फ्लूट बिट, साधारण 18,000 आरपीएम, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला 2,000 ते 3,000 मिमी, 5 मिमी एकाच पासमध्ये. सावकाश कापलं तर काम साफ येईल असं लाकूडवाल्यांना वाटतं. इथे उलट आहे: बिट रेंगाळलं की भुसा वितळून त्यालाच चिकटतो आणि कड दोरीसारखी निघते. शिवाय गोल बिटानं आतला कोपरा काटकोनी कधीच निघत नाही, दीड मिमीची गोलाई राहते. नकाशातच कोपऱ्याला छोटं भोक द्या, नाहीतर प्रत्येक खाच कटरनं कोरत बसा.

आता एकत्र कामाचं. लोक कामं भागांनुसार वाटतात: सायक्लोट्रॉन (पॅकच्या खालचा गोल भाग) तू कर, थ्रोअर (हातात धरायची बंदूक) मी करतो. मग शेवटी चार कारागिरांचे चार पॅक एका फ्रेमवर लटकतात. वाटणी प्रक्रियेनुसार हवी. कापणी सगळी एका गावात, जोडणी दुसऱ्या, वायरिंग तिसऱ्या, रंग चौथ्या. नकाशा एकाच माणसाच्या ताब्यात, आणि प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं आवृत्तीचा आकडा. आवृत्ती 3 चा मदरबोर्ड आणि 4 ची कड यांची भोकं जुळत नाहीत. बदल 2 मिमीचा असला तरी नाही. कागदी साचे काढताना प्रिंटर 'फिट टू पेज' करून 3-4 टक्के खातो, म्हणून प्रत्येक पानावर 100 मिमीची रेघ ठेवा आणि पट्टीनं मोजल्याशिवाय कात्री लावू नका. कापणाऱ्यानं पहिल्या गठ्ठ्यासोबत एक खाच आणि एक जीभ असलेला नमुना तुकडा सगळ्यांना पाठवावा. फोनवर "थोडं टाइट आहे" सांगण्यापेक्षा हातात तो तुकडा असलेला बरा.

पाठवणीला केळीची एक्सपोर्टची खोकी उत्तम, मजबूत आणि रावेर-यावल पट्ट्यात हवी तितकी. तुकडे आडवे रचा, मध्ये वर्तमानपत्र. एसटीच्या पार्सलनं जात असेल तर संध्याकाळची गाडी बघा. दुपारी डिकीत चार तास तापलेली उभी शीट धनुष्य होऊन उतरते.

वाकवणं हा या मालाचा सगळ्यात मजेचा भाग. सायक्लोट्रॉनच्या कडेची गोल भिंत 3 मिमी फ्री फोमच्या पट्टीची करायची. हीट गननंही होते, पण नवखा हात एका जागी थांबतो आणि पट्टीवर पिवळे फोड येतात. त्यापेक्षा परात घ्या. पीव्हीसी साधारण 80 अंशांना मऊ पडतो, म्हणजे उकळतं पाणी पुरेसं आणि जळण्याची भीती नाही. पट्टी मिनिटभर बुडवा, चिमट्यानं उचला. ओल्या चामड्यासारखी लोंबायला लागली की तयार. लाकडी चकतीभोवती गुंडाळा, सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळा, पाच मिनिटं हात लावू नका. हातमोजे घाला. लहान गोलाईला पाइपचा तुकडा साचा म्हणून चालतो: शेतीच्या पाइपचे 63, 75, 90, 110 हे आकडे बाहेरच्या व्यासाचे असतात, हिशोब सोपा.

चिकटवायला पाइपचं सोल्युशन (पीव्हीसी पाइप जोडायचा डिंक) धरतं, पण फोमला ते पाइपसारखं थापायचं नाही. जास्त झालं की पेशी विरघळतात आणि दुसऱ्या दिवशी बरोबर जोडाच्या मागे खड्डा दिसतो. ब्रशनं पातळ हात, लगेच दाब, चोवीस तास आराम. फेविक्विक क्षणात पकडतं पण जोड ठिसूळ. खांद्यावरून पॅक उतरवताना टकरला की कट्ट. चांगली रीत म्हणजे कोपऱ्यांत फेविक्विकचे थेंब टाकून जागा पक्की करायची आणि मधल्या लांबीला सोल्युशन. सेलुकाची चकचकीत बाजू असेल तर आधी 220 चा पॉलिश पेपर फिरवा. आणि हे सगळं कोरडी जुळवणी पूर्ण झाल्यावर. एकदा सोल्युशन लागलं की तुकडा सुटत नाही, तुटतो.

वजन पेलायला हा माल नाही. स्क्रू धरत नाही. पिळला की भोक रुंद होतं, बस्स. मदरबोर्ड फोमचा करूच नका. 2 मिमी ॲल्युमिनियम पत्रा किंवा 6 मिमी प्लाय घ्या, कवच त्यावर एम4 च्या आरपार बोल्टनं आणि रुंद वॉशर लावून कसा. ॲलिस फ्रेम इथे मिळणार नाही. गेट-ग्रिल करणारा फॅब्रिकेशनवाला 12 मिमीच्या पाइपची तशीच फ्रेम वेल्ड करून देतो. पट्टे जुन्या ट्रेकिंग सॅकचे.

नळ्यांसाठी खानदेशी सोय म्हणजे ठिबक. 16 मिमीची काळी लॅटरल (ठिबकची नळी) आणि 4 मिमीची मायक्रो ट्यूब दिसायला पॅकवरच्या नळ्यांसारखी, ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) आणि जॉइनर तर तयार फिटिंगच. अडचण एकच: लॅटरल पॉलिइथिलीनची असते, तिला ना सोल्युशन धरतं ना फेविक्विक, आणि रंगही नखानं पापुद्रा होऊन निघतो. म्हणून तिला रंगवू नका, चिकटवू नका. भोकात ग्रोमेट बसवा आणि नळी दाबून घाला. कोपऱ्यावरची पितळी-निळी एल्बो फिटिंग मात्र एमआयडीसीजवळच्या न्यूमॅटिकच्या (दाबाच्या हवेवर चालणाऱ्या सामानाच्या) दुकानातून खरीच आणा. त्या एका तुकड्यानं अख्खा पॅक खरा वाटतो.

रंगाआधी कडा बंद करा. कापलेली कड प्रायमर पिते आणि तीन हातांनंतरही जाळी दिसते. एनसी पुट्टीचे दोन पातळ हात, मध्ये 320 चा कागद. मोठे खड्डे गाडीवाल्यांच्या दोन भागांच्या लांबीनं भरा. स्प्रेचा पहिला हात दुरून, नुसता धुरळा. ओला थर दिला तर थिनर पृष्ठभाग मऊ करतो आणि बोटाचा ठसा कायमचा राहतो. झिजलेल्या धातूचा भास हवा असेल तर आधी चंदेरी, ते सुकलं की कडांवर व्हॅसलीनचं बोट, वर मॅट काळा, आणि दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसा. सगळ्या गावांचे पॅक एकाच जागी, एकाच खोक्यातल्या कॅननं रंगवा. काळ्यातही निळसर आणि तपकिरी असे काळे असतात, ते चार पॅक शेजारी उभे केले की लगेच कळतं.

दिव्यांचं थोडक्यात: सायक्लोट्रॉनचे चार लाल एकामागून एक, पॉवर सेलची (पॅकवरच्या उभ्या दिव्यांच्या खिडकीची) निळी पट्टी खालून वर. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि डब्ल्यूएस2812बी एलईडी पट्टी पुरते. डेटा वायरीत 470 ओहमचा रेझिस्टर, पुरवठ्यावर 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पॉवर बँक वापरली तर दिवे मंद असताना ती भार नाही समजून स्वतःच बंद पडते. तो प्रोग्रामचा दोष समजून रात्र घालवू नका.

आणि आता ऊन. ही शीट साधारण 60 अंशांपर्यंत वापरायची. भुसावळ-जळगावचा मे 45 च्या घरात जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त, आणि पॅक तर काळा. मीटरभर लांबीची पीव्हीसी पट्टी 30 अंशांच्या फरकात दोनेक मिमी वाढते. मागे ॲल्युमिनियम तेवढं वाढत नाही, म्हणून मधली बाजू फुगते. यावर उपाय नकाशात आहे: एका टोकाची बोल्टची भोकं गोल, दुसऱ्या टोकाची लांबट. थ्रीडी प्रिंटचे बारीक भाग पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकचे असतील तर ते फोमच्याही आधी मान टाकतात. निदान पेटजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरा. एप्रिल ते जून पॅक गाडीत ठेवायचा नाही, गच्चीवरच्या खोलीतही नाही. खालच्या मजल्यावर, फ्रेमवर उभा, भिंतीला न टेकवता.

उरलेली कात्रणं जपून ठेवा, थ्रोअरचे सगळे छोटे खोके त्यातूनच निघतात. अगदीच चुरा राहिला तर तो भंगारात द्या. चुलीत किंवा होळीत टाकला तर लेझरवाल्याला ज्या धुरासाठी नाही म्हटलं तोच धूर गल्लीभर.