कॅराव्हॅनच्या संडासाची गळती आणि २१,५०० रुपयांची ‘नवी’ टाकी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हल्ली कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाड्या, दिसू लागल्या आहेत. कुणी भाड्यानं घेतं, कुणी जुन्या ट्रॅव्हलरवर बांधून घेतं. त्यातला संडास गळायला लागला की मात्र माणूस हवालदिल होतो. त्याचा जाणकार आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही आणि नेमक्या ह्याच अडचणीवर काही जण टपून असतात. आम्हाला एकानं कसं लुबाडलं ते सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ नये म्हणून.

गाडी मी आणि धाकट्या भावानं मिळून सेकंडहँड घेतली, ती मुख्यतः आईसाठी. तिला गुडघ्यांमुळं उकिडवं बसता येत नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायची तिला फार ओढ, पण पौर्णिमेच्या गर्दीत बायकामाणसांची काय आबाळ होते ते जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे. गाडीत कॅसेटचा संडास होता. वर कमोडची सीट, तिच्या बुडाशी सरकती झडप, आणि खाली साधारण १८-२० लिटरची टाकी, जी बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढून रिकामी करता येते. ह्या टाकीलाच कॅसेट म्हणतात. फ्लशचं पाणी गाडीच्या पाण्याच्या टाकीतून १२ व्होल्टच्या पंपानं येतं.

चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आल्यावर कमोडच्या बुडाशी पाणी साचायला लागलं. हायवेलगतच्या एका वर्कशॉपला गाडी दाखवली. मालक बोलायला गोड. “आपलीच माणसं हो तुम्ही, तुमच्याकडनं जास्त घेईन काय?” असं म्हणून त्यानं आईला खुर्ची दिली, चहा मागवला. मग टॉर्च मारून लगेच निदान सांगितलं: “टाकीला चीर गेलीय. घाण सगळी खाली मुरतेय. आता नाही बदलला तर फ्लोअर सडतंय बघा.” घाण मुरतेय म्हटल्यावर आईचा चेहरा पडला. गाडीत देवीची परडी ठेवायची असते, आमच्या घरात ही साधी गोष्ट नाही. त्यानं ते बरोबर हेरलं. टाकी पुण्याहून मागवावी लागेल, २१,५०० रुपये पडतील, म्हणाला. बिल मागितलं तर “पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर पडतंय,” आणि जुनी टाकी मागितली तर “घाण वस्तू घरी कशाला नेताय, आम्ही टाकतो की.”

गाडी परत आली तेव्हा टाकी चकचकीत होती, फिनेलचा वास घमघमत होता, आणि कमोडच्या बुडाभोवती पांढऱ्या सिलिकॉनचा जाड थर लिंपलेला होता. पाणी दिसेनासं झालं. पण थोड्याच दिवसांत कमोडशेजारचा प्लायवूड फुगून पायाखाली दबायला लागला.

मग भावानं टाकी बाहेर काढली. आमच्या जुन्या टाकीचं हँडल एका टोकाला तडकलं होतं, म्हणून त्यानं तिथं तांब्याची तार करकचून गुंडाळली होती. ह्या ‘नव्या’ टाकीवर तार नव्हती, पण हँडलच्या त्याच टोकाला प्लास्टिकमध्ये तारेचे बारीक वळसे रुतलेले होते आणि त्यांच्याखाली तीच चीर. आमचीच टाकी घासूनपुसून आम्हालाच विकली होती! तिच्यात पाणी भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवली. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. चीर होती ती फक्त हँडलला, टाकीला कधी नव्हतीच.

खरा दोष काढला तो उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या आमच्या ओळखीच्या फिटर अण्णांनी. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. पंप बंद केला, जागा पुसून घेतली, कोरडा कागद अंथरला आणि थांबले. पाणी आलं नाही. पंप चालू केला तसा कागदाचा कोपरा ओला झाला. म्हणजे गळती दाबाच्या बाजूची, स्वच्छ पाण्याची. कमोडच्या मागे फ्लशच्या व्हॉल्व्हला जोडलेल्या पाइपची क्लिप खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सैल झाली होती. नवी क्लिप किरकोळ पैशांत आली. सिलिकॉनमुळं झालं होतं एवढंच, की पाण्याची बाहेर यायची वाट बंद होऊन ते फ्लोअरच्या आत शिरत राहिलं. म्हणून सांगतो, कुणी कमोडच्या बुडाला सिलिकॉन लावून गळती “बंद” करतो म्हणाला तर गाडीला हात लावू देऊ नका.

पाणी कधी येतं, ह्यावर सगळं निदान आहे. फ्लशच्या पाण्यात थोडा खायचा निळा रंग कालवा आणि झडप बंद ठेवून कमोडमध्ये पाणी साठवा. ते हळूहळू खाली उतरत असेल तर झडपेचं रबरी सील गेलंय किंवा त्यात कचरा अडकलाय. हे सील सुटं मिळतं, त्यासाठी अख्खी टाकी बदलायची गरज नसते. सील टिकवायचं तर अॅसिड, ब्लीच आत ओतू नका, रबर खराब होतं. व्हॅसलीनही नको, सिलिकॉनचा स्प्रे चालतो. गाडी पळताना किंवा घाटातच गळत असेल तर टाकी जास्त भरलीय का, झडप पूर्ण मिटलीय का, ते आधी बघा. आणि जो मेकॅनिक पंप चालू-बंद करून न बघता टाकी बदलायला सांगतो, त्याच्याकडून गाडी सरळ बाहेर काढा. काढलेला जुना भाग घाण असला तरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून परत घ्या. १८ टक्के गेले तरी पक्कं बिल घ्या.

आमच्याकडे बिल नाही, पण पैसे यूपीआयनं दिले होते, आणि “नवीन टाकी बसवली, गाडी घेऊन जा” हा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे. हँडलवरच्या वळशांचे आणि तार गुंडाळलेल्या जुन्या टाकीचे असे दोन्ही फोटो जोडून त्याला लेखी नोटीस पाठवली आहे. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.